नव्वदच्या दशकाची प्लेलिस्ट करतोय, पण मराठी गाणी गेली कुठे?

पावसाळी_ढग:

मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, थीम ठरलीये नव्वदचं दशक, आणि गाण्यांची प्लेलिस्ट करायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाने आपापली गाणी सुचवा, तर नुसता पाऊस पडला. 'आशिकी', 'साजन', 'बाजीगर', 'हम आपके है कौन', 'डीडीएलजे', मग अलिशा, लकी अली, फाल्गुनी पाठक, सिल्क रूट... यादी वाढतच चाललीये आणि सगळी गाणी मलाही पाठ आहेत, तक्रार काहीच नाही. पण काल रात्री यादी नीट लावायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मराठी गाणी फक्त तीन आलीयेत. 'अश्विनी ये ना', 'ऐका दाजीबा' आणि 'आयुष्यावर बोलू काही'. बास!

आम्ही सगळे मराठी शाळेतले, घरी दारी मराठी बोलणारे, आणि अख्ख्या दहा वर्षांतली तीनच गाणी आठवतात? हे मला फार लागलंय. तेव्हा मराठीत काही होतंच नव्हतं, की होतं आणि आपण विसरलो? जाणकारांनी सांगा प्लीज.

आणि दुसरं, माझ्या मेहुण्याचं म्हणणं आहे की नव्वदची हिंदी गाणी सगळी एका साच्यातली, तोच ढोलक, तोच कुमार सानू, आरडी (बर्मन) गेला तिथे संगीत संपलं. मला पटत नाही पण त्याला उत्तर काय द्यावं हेही सुचत नाही. यावर पण बोला.

---

कॅसेटवेडा:

पहिल्यांदा एक सांगतो ढगभाऊ, ती तिन्ही गाणी नव्वदच्या दशकातली नाहीतच. 'अश्विनी ये ना' हे 'गंमत जंमत'मधलं, पिक्चर १९८७ चा, किशोरकुमारने गायलेलं आणि किशोरदा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. 'ऐका दाजीबा' २००२ चं. 'आयुष्यावर बोलू काही' २००३ ला सुरू झालं. म्हणजे तुमच्या ग्रुपला नव्वदचं एकही मराठी गाणं आठवलेलं नाही, आणि माझ्या मते हा आठवणीचा दोष नाही, त्या दशकात मराठी गाणं ज्या वाटेने घरात यायचं त्या वाटेचा आहे.

हिंदी गाणं तेव्हा दिसायचं. आधी चित्रहार, छायागीत, मग १९९२ ला झी टीव्ही आला, दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'सुपरहिट मुकाबला', १९९४ ला चॅनल व्ही, १९९६ ला एमटीव्ही इंडिया. एकच गाणं दिवसातून पाच वेळा डोळ्यासमोर नाचायचं आणि त्याला क्रमांक असायचा, या आठवड्यात पहिल्या पायदानावर कोण वगैरे. मराठीला असं काही नव्हतंच. खाजगी मराठी वाहिनी म्हणाल तर अल्फा मराठी सुरू झालं १५ ऑगस्ट १९९९ ला, दशक संपता संपता. तोपर्यंत मराठी गाणं होतं ते कॅसेटमध्ये आणि आकाशवाणीवर, 'आपली आवड', 'भावसरगम' यात. ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. म्हणून आज 'नव्वद' म्हटलं की डोळ्यासमोर अलिशाच्या 'मेड इन इंडिया'तला मिलिंद सोमण येतो.

आणि कॅसेट ही काय ताकद होती ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. गुलशनकुमारने टी-सिरीजमधून स्वस्तात कॅसेट काढायला सुरुवात केली तोपर्यंत विकत घेऊन गाणी ऐकणं हे रेकॉर्ड प्लेयर असणाऱ्या घरांचं काम होतं. त्याने पानाच्या टपरीपर्यंत कॅसेट पोचवली. कॉपीराइटच्या कायद्यात तेव्हा अशी सोय होती की मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं होऊन गेली की कळवून आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता यायचं, त्यातून रफी-किशोरच्या गाण्यांच्या कव्हर व्हर्जनचा पूर आला आणि सोनू निगमसारखे लोक तिथूनच पुढे आले. 'आशिकी' तर आधी नुसता गाण्यांचा अल्बम म्हणून तयार होत होता, महेश भटने ती गाणी ऐकली आणि त्यावर पिक्चर बेतला! १९९० साली गाणं पिक्चरच्या पुढे गेलं होतं ते असं.

मराठीत याच कॅसेटवर काय काय विकलं जायचं ते बाकीचे सांगतीलच, मी फक्त एक आठवण करून देतो की मराठी घरातल्या निम्म्या कॅसेटी गाण्याच्या नसायच्याच. पुलंची 'म्हैस', 'अंतू बर्वा', मिरासदारांच्या कथा, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. एसटीच्या नाही पण ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्री पिक्चर संपला की हमखास पुलं लागायचे आणि अख्खी गाडी पुढचं वाक्य आधीच म्हणायची. प्लेलिस्टमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये 'म्हैस'चा एखादा तुकडा टाकून बघा, लोक गाण्यापेक्षा जास्त खुश होतील.

---

जाईजुई:

कॅसेटवेडा यांनी मुद्दा अगदी बरोबर पकडला. आता नावं घ्या लिहून.

'गारवा'!!! मिलिंद इंगळे आणि सौमित्र. १९९८. हे कसं काय कुणालाच आठवलं नाही?? आमच्या कॉलेजात पहिला पाऊस पडला की कुणीतरी कॅन्टीनमध्ये ते लावायचंच. आणि त्याची रचना किती वेगळी होती बघा, आधी सौमित्रच्या, म्हणजे किशोर कदमच्या, त्या खर्जातल्या आवाजात कविता येते, उकाड्याबद्दल तो बोलतोय, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं, घाई नाही, आणि मग त्या बोलण्यातूनच गाणं सुरू होतं, गाणं सुरू झालंय हे दुसऱ्या ओळीला कळतं. मराठीत कविता आणि पॉप अल्बम असं एकत्र इतक्या तरुण पोरांनी डोक्यावर घेतलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्यानंतर कवितेची वही सुरू केली, हे मी मनापासून सांगतेय. पुढे 'आयुष्यावर बोलू काही'वाल्या संदीप-सलीलला जो श्रोता मिळाला तो तयार करण्यात 'गारवा'चा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, 'ऋतू हिरवा'. श्रीधर फडक्यांचं संगीत, आशाताईंचा आवाज, शीर्षकगीत शांताबाई शेळक्यांचं. हे गेट-टुगेदरला नाचायला नाही, पण जेवणं चालू असताना लावा. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा मुलगा म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात पण त्यांची चाल स्वतःची आहे, कुठे वळणार ते आधी सांगताच येत नाही.

तिसरं नाटकातलं. प्रशांत दामले, कविता लाड, 'एका लग्नाची गोष्ट'. त्यातलं 'मला सांगा सुख म्हणजे नक्की काय असतं' हे नव्वदच्या शेवटाचं सगळ्यात मोठं मराठी हिट गाणं होतं असं मी म्हणेन, आणि ते ना पिक्चरमधलं, ना अल्बममधलं, नाटकातलं! गाणं श्रीरंग गोडबोलेंचं, चाल अशोक पत्कींची. आणि हे अशोक पत्की म्हणजे त्या काळाचा न दिसणारा माणूस, जिथे हात लावाल तिथे ते सापडतात. 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या चालीत ते, जाहिरातींच्या असंख्य जिंगल्समध्ये ते, आणि 'आभाळमाया'च्या शीर्षकगीतात तेच, शब्द मंगेश कुलकर्णींचे आणि आवाज देवकी पंडितचा.

'आभाळमाया' १९९९ चं, म्हणजे काठावर पास होतंय, पण घ्याच. ते गाणं लागलं की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. तोवर मालिकेचं गाणं म्हणजे नावं दाखवायच्या वेळी वाजणारं काहीतरी अशी समजूत होती, या गाण्यानंतर लोक मालिकेचं गाणं म्हणून वेगळं ऐकायला लागले. पुढच्या दहा वर्षांतली सगळी शीर्षकगीतं या एका गाण्याची देणेकरी आहेत.

---

टेम्पो_नंबर_चार:

वरची सगळी नावं चांगली आहेत, ताई, मला पण आवडतात. पण मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही सगळी एका प्रकारच्या घरातली गाणी आहेत. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात सगळ्यात जास्त काय वाजलं याची खरी यादी करायची असेल तर सुरुवात शिंदे घराण्यापासून करावी लागेल आणि ती कुणीच करत नाही.

प्रल्हाद शिंदे. 'पाऊले चालती पंढरीची वाट' ज्याने ऐकलं नाही असा माणूस मला महाराष्ट्रात दाखवा. त्यांची भक्तिगीतं, कव्वाल्या, भीमगीतं. मग आनंद शिंदे, मिलिंद शिंदे. 'नवीन पोपट हा' नव्वद उजाडायच्या आधीच आलं होतं, पण ते नव्वदभर वाजत राहिलं, लग्नात, वरातीत, जत्रेत, टेम्पोत. आमच्याकडे तर बँडवाले ते वाजवल्याशिवाय वरात हलायचीच नाही. या गाण्यांना टीव्हीवर जागा नव्हती, पेपरात परीक्षण नव्हतं, पुरस्कार नव्हते, तरी कॅसेट येतेय कधी आणि संपतेय कधी कळायचं नाही.

आणि या धंद्याचं कॅलेंडर ठरलेलं होतं. गणपतीच्या आधी नवीन कॅसेट, नवरात्राला देवीची, आषाढीला विठ्ठलाची, १४ एप्रिलला भीमगीतांची, मार्गशीर्षात दत्ताची. अजित कडकडेंची 'निघालो घेऊन दत्ताची पालखी', प्रवीण दवणेंचे शब्द आणि नंदू होनप यांचं संगीत, ती कॅसेट आमच्या गल्लीत प्रत्येक घरात होती. कोळीगीतं वेगळीच, वेसावकर आणि मंडळींची कॅसेट लागली की शेजारची कोकणी म्हातारी पण ताल धरायची. भीमगीतांबद्दल तर एक अख्खा धागा निघेल. वामनदादा कर्डकांचे शब्द गावोगावच्या गायकांनी गायले, बाबासाहेब कोण होते हे माझ्यासारख्या कित्येक पोरांना पुस्तकाच्या आधी त्या गाण्यांतून कळलं. ही करमणूक पण होती आणि शाळा पण होती. हे सगळं वगळून कुणी नव्वदचं मराठी संगीत म्हणत असेल तर ते अर्धंच आहे, माझ्या दृष्टीने अर्ध्याहून कमी.

पिक्चरमध्ये 'माहेरची साडी', १९९१. बायका ट्रॅक्टर भरभरून जायच्या थेटरात. 'सासरला ही बहीण निघाली' आजही पाठवणीला वाजतं आणि आजही नवरीचा भाऊ रडतो. ते प्लेलिस्टमध्ये नको असेल तर नका घेऊ, पण त्या दशकाचं सगळ्यात जास्त डोळ्यातून पाणी काढलेलं गाणं तेच आहे.

---

जाईजुई:

टेम्पो दादा, राग कसला, एकदम मान्य. माझ्या आजीकडे प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी होत्या आणि पहाटे त्याच लागायच्या. तुम्ही भीमगीतांचा वेगळा धागा काढाच, मी वाट बघतेय.

---

ऑक्टोपॅड:

मेहुण्याच्या प्रश्नावर मी बोलतो. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात वाजवायचो, त्यामुळे ही गाणी मी आतून बघितलीयेत.

एका साच्यातली वाटतात हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. नदीम-श्रवणने 'आशिकी'त एक आवाज शोधला, ढोलक पुढे, व्हायोलिनचा ताफा, मध्ये बासरी किंवा सतार किंवा शहनाईचा छोटा तुकडा, आणि वर सानू किंवा उदित आणि अलका किंवा अनुराधा. तो इतका चालला की कंपन्यांनी सगळ्यांकडून तेच मागितलं. कुमार सानूला सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं, यावरून अंदाज घ्या. पण साचा असणं म्हणजे वाईट असणं हे मला मान्य नाही. चाल बघा. मुखडा सोपा, दोनदा ऐकला की तोंडात बसतो, अंतरा वर चढतो आणि बरोबर जागेवर परत उतरतो. आम्ही स्टेजवर वाजवायचो तेव्हा समोरचे तीन हजार लोक अख्खा अंतरा शब्दासकट म्हणायचे, फक्त मुखडा नाही. आजच्या किती गाण्यांचा अंतरा लोकांना येतो?

चोरी खूप झाली, ते मात्र लपवण्यात अर्थ नाही. नुसरत फतेह अली खानांच्या कव्वाल्यांवर तर हात मारलाच सगळ्यांनी, 'मोहरा'मधलं 'तू चीज बडी है मस्त मस्त' आणि 'याराना'मधलं 'मेरा पिया घर आया' दोन्ही तिथलीच. मला याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. मूळ ऐकल्यावर आपल्याला काय कमी मिळालं ते कळतं.

आणि 'आरडी गेला तिथे संगीत संपलं' म्हणणाऱ्याला सांगा, पंचमदा, म्हणजे आरडीच, गेले ४ जानेवारी १९९४ ला, आणि त्यांचं '१९४२ अ लव्ह स्टोरी' त्यानंतर त्याच वर्षी आलं. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या सगळ्यात सुंदर अल्बममधला एक त्यांचाच आहे! आणि तोपर्यंत रहमान येऊन बसला होता. १९९२ ला 'रोजा', पहिल्याच पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार. १९९५ ला 'रंगीला', मूळ हिंदीतलं त्याचं पहिलं काम, आणि तिथे आशाताई साठी ओलांडल्यावर उर्मिलासाठी गायल्या, डोळे मिटून ऐकलं तर वय सांगता येणार नाही. आम्ही 'रोजा' वाजवायचा प्रयत्न केला आणि अडकलो. सानूची गाणी एक ढोलक, एक ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड यात उभी राहायची. रहमानचं गाणं उभं राहीना, कारण त्यात गप्प जागा होत्या. बेस गिटार एकटी चालतेय, मागे लांबवर एक आवाज आहे, मध्ये काहीच नाही. ती जागा भरली की गाणं मरायचं आणि नाही भरली तर पब्लिकला वाटायचं वादक विसरले. ते शिकायला आम्हाला फार वेळ लागला आणि त्या शिकण्याने माझं वाजवणं बदललं.

शिवाय त्याच दशकात १९९६ ला विशाल भारद्वाजचं 'माचिस' आहे, हृदयनाथ मंगेशकरांचं 'लेकिन' आहे, शुभा मुद्गल आहेत, कलोनियल कझिन्स आहेत. एक साचा आणि त्याच्या बाजूला एवढं सगळं. मेहुण्याला ही यादी पाठवा.

---

पावसाळी_ढग:

बाप रे, काय लिहिलंय सगळ्यांनी! मी पेन घेऊन बसलोय. 'गारवा' वाचून एकदम धस्स झालं, माझ्या ताईकडे ती कॅसेट होती आणि मी ती इतक्या वेळा मागे पुढे केली की टेप ओढली गेली होती. मेहुण्याला ऑक्टोपॅडची पोस्ट तशीच फॉरवर्ड केलीये.

अजून एक, झंकार बीट्सवाल्या कॅसेटी आठवतात का कुणाला? त्या घ्यायच्या का?

---

टेम्पो_नंबर_चार:

घ्या की! जुन्या गाण्याच्या मागे तो ढ्याक-चिक-ढ्याक-चिक टाकलेला, रिक्षात आणि टेम्पोत तेच चालायचं. इंजिनच्या आवाजात साधं गाणं ऐकूच यायचं नाही, त्यामुळे तो ठोका लागायचाच. एखादंच घ्या, प्रवासाचं फीलिंग येतं.

---

संत्रानगरी:

इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. तुमच्या हिंदी यादीत 'हम आपके है कौन' आहे ना, चौदा गाण्यांचा तो पिक्चर, त्याचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आमच्या नागपूरचे विजय पाटील! अस्सल मराठी माणूस. मुळात ते दोघं होते, सुरेंद्र हे राम आणि विजय पाटील हे लक्ष्मण, आणि हे नाव त्यांना दिलं दादा कोंडक्यांनी, 'पांडू हवालदार'च्या वेळी. राम लवकर गेले, पण विजय पाटलांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत सोडलं नाही. दादांच्या पिक्चरच्या ठसकेबाज चाली करणारा माणूस 'मैने प्यार किया' आणि 'हम आपके'ला लतादीदींकडून असं घरगुती, सोज्वळ गाऊन घेतो, ही झेप काय साधी नाही राजेहो. २०२१ च्या मे महिन्यात ते नागपुरातच गेले.

तसंच साधना सरगम दाभोळच्या, 'पहला नशा' गाणाऱ्या. अनुराधा पौडवाल, सुरेश वाडकर आहेतच. म्हणजे मराठी गाणं कुठे गेलं असं विचारताना मराठी गळा आणि मराठी चाल हिंदीत किती होती हे पण मोजा. प्लेलिस्ट लावताना माइकवर एवढं सांगून मग गाणं लावा ना, 'हे आपल्या विजय पाटलांचं'. लोकांना माहीतच नसतं.

---

कॅसेटवेडा:

संत्रानगरी, हे भारी आठवण करून दिलीत. रामलक्ष्मण म्हणजे दोन माणसं आहेत असं अजूनही अनेकांना वाटतं.

ढगभाऊ, आता कामाचं. यातली हिंदी गाणी सगळी ऑनलाइन मिळतील. मराठीतली 'गारवा', 'ऋतू हिरवा', शिंदे घराणं, कडकडे हे पण मिळेल. पण सणासुदीला निघालेल्या छोट्या कंपन्यांच्या कॅसेटी, गावोगावच्या गायकांची भीमगीतं, कोळीगीतांचे जुने संच, यातलं बरंच कुठेही चढवलेलं नाही, जे आहे ते कुणाच्या तरी माळ्यावर पिशवीत आहे. तुमच्या बॅचला सांगा की घरी ज्या असतील त्या कॅसेटी घेऊन या. बुरशी दिसली तर प्लेयरमध्ये टाकायची घाई करू नका, हेड खराब होतं आणि टेपही जाते. पाच स्क्रूची असेल तर उघडून रीळ दुसऱ्या खोक्यात बसवता येतं. आतला तो स्पंजचा छोटा पॅड पडलेला असतो बऱ्याचदा, तो बसवला की आवाज परत येतो. आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची, मगच वाजवायची. आणि मागच्या बाजूचे प्लास्टिकचे दोन छोटे टॅब बघा, तुटलेले नसतील तर कॅसेटवर चुकून रेकॉर्ड होऊ शकतं, आधी ते तोडा.

आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वादकांची, कवींची नावं तिथेच असतात आणि दुसरीकडे कुठेही नसतात. ते फोटो इथे टाका, मी आणि ऑक्टोपॅड मिळून नावं लावून देतो.

---

ऑक्टोपॅड:

हो, नक्की. ढोलकी आणि कीबोर्ड कुणी वाजवलाय ते बऱ्याच कॅसेटींवर मी कान लावून पण सांगू शकेन, त्यातले काही माझ्या शेजारी बसून वाजवलेले आहेत. टाका फोटो.